एका घरातले दोन अर्ज

रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे कणकेचे गोळे, करायचे म्हणजे आमच्याकडं बायकांना सुट्टी. कणीक पुरुष मळतात, गोवऱ्या पुरुष रचतात, वांग्याची भाजीही तेच ढवळतात, आणि वर्षभर चुलीकडं न फिरकलेली माणसं त्या दिवशी एकमेकांना मीठ किती घालायचं ते शिकवतात. बायका झाडाखाली बसून हसतात. त्या बुधवारी मात्र कोणीच हसत नव्हतं. बरडावरच्या मारोतीपुढं आमची सगळी भावकी जमली होती, पंचवीस-तीस माणसं, आणि सगळ्यांचे डोळे दोन बायकांवर होते. एक माझी आई, पूनम. दुसरी माझी मोठीआई, म्हणजे थोरली काकू, गीताबाई. दोघी एकाच सतरंजीवर बसल्या होत्या आणि मधे मोठीआईची मुलगी प्राचीताई, कुंपण घातल्यासारखी.

कारण हिवरटाकळीच्या सरपंचपदासाठी दोनच अर्ज होते आणि दोन्ही आमच्याच घरातले. माघार घ्यायची मुदत त्याच दिवशी दुपारी तीनपर्यंत, खामगावच्या तहसीलमध्ये.

"घर एक अन् अर्ज दोन," बाबांचे थोरले भाऊ, मोठेबाबा, गोवऱ्यांचा धूर डोळ्यांतून पुसत म्हणाले. "पिंपळगाव राजाच्या बाजारात लोक मले विचारून राह्यले, काहो ज्ञानेश्वरभाऊ, मत कोणत्या चुलीले द्याचं?"

भावकी हसली. आई हसली नाही. मोठीआई सतरंजीचा दोरा ओढत होती.

आम्ही बसलो होतो त्याच जागेवरून सगळं भांडण होतं. बारा वर्षांपूर्वी या बरडावर शेळीलासुद्धा दोन घास मिळत नव्हते. चाळीस एकर सरकारी ई-क्लास पडीक जमीन, नुसता दगड. मग आई, धम्मशीलामावशी आणि गावातल्या एकवीस बायकांनी इथं चर खोदले. प्रत्येकीनं एकेक ओळ वाटून घेतली आणि सीताफळ, खैर, कडुनिंब, हिवर लावले. पहिल्या वर्षी निम्मी झाडं मेली. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा लावली. आता इथं मोर नाचतात, सीताफळं खामगावच्या बाजारात जातात आणि खालच्या विहिरींना मे महिन्यातही पाणी असतं. पण त्याच झाडांच्या मुळांखाली काळा, टणक दगड आहे आणि त्या दगडावर एका गिट्टीवाल्या शेठचा डोळा आहे. खदान आणि क्रशर टाकायला त्याला ग्रामपंचायतीचा ठराव पाहिजे. क्रशर सुरू झाला की मोठेबाबांचे दोन टिप्पर त्याच्यावर लागणार होते. सगळं ठरलं होतं. फक्त सरपंचपद महिला राखीव निघालं. म्हणून मोठेबाबांनी मोठीआईचा अर्ज भरला. आणि आईनं आईचा अर्ज भरला.

आमच्या आईला निवडणूक नवी नव्हती, हे इथं सांगितलंच पाहिजे. पाच वर्षांपूर्वी ती झाडांच्या नावावर सदस्यपदाला उभी राहिली होती आणि तिला त्रेचाळीस मतं पडली होती. आमच्या भावकीतच त्या वॉर्डात एकावन्न मतं आहेत. कितीतरी दिवस लोक तिला रस्त्यात विचारायचे, "काय वं पूनमबाई, झाडायनं तुले मतं काऊन नाई देल्ली?" आई म्हणायची, "त्यायचं यादीत नाव नव्हतं." आणि घरी येऊन गप्प भाकरी थापायची.

"रीत काय म्हणते?" उंद्रीवाले काका म्हणाले. ते आमचे चुलत, पण वयानं मोठे, म्हणून त्यांना प्रत्येक भांडणात बोलावतात. "रीत म्हणते, लहानीनं मागं घ्यावं. मोठीचा मान. याच्यात बोलाचं काय हाय?"

"बराबर हाय."

"हाव, बराबर हाय."

माना अशा हलल्या जशी वाऱ्यानं तूर हलते. मोठेबाबांनी माझ्या बाबांकडं पाहिलं. "उत्तमा, तू बोल बे. तुही बायको हाय."

बाबा चुलीवरच्या भाजीच्या गंजाजवळ उकिडवे बसले होते. "थांब, तिखट पाह्यतो," म्हणाले, आणि एवढा वेळ तिखट पाहत राहिले की तेवढ्यात वांगी लावून, वाढवून, तोडून झाली असती.

मग मी उठले. मी आधी अशी नव्हते. नववीपर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज बसायचा. पण दिवाळीनंतर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझा विहिरींचा तक्ता पहिला आला, परीक्षकांनी माइक हातात दिला, आणि तेव्हापासून माझ्या तोंडाला कडी राहिलेली नाही.

"मोठेबाबा, बरडाखालच्या चौदा विहिरी मी दोरी सोडून मोजल्या. मे महिन्यात अकरा विहिरींत पाणी होतं. झाडं लावायच्या आधी दोनमधे असायचं, आबाले विचारा. बरड फोडलं तर ते पाणी कुठं थांबीन?"

"काजल," मोठेबाबा प्रेमानंच म्हणाले, "तू दहावीले हायेस ना माय. विहिरी राहू दे. बोर्डाचा अभ्यास कर."

"करीन ना. बोर्ड मार्चमधे हाय. हे तीन वाजता हाय."

या वेळी बायका हसल्या. प्राचीताई तर फार मोठ्यानं. मोठेबाबांनी तिच्याकडं पाहिलं तशी ती खोकल्यासारखं करू लागली.

मोठेबाबा वाईट माणूस नाहीत. हे मी लिहिते आहे कारण पुढं जे झालं त्यात ते वाईट दिसतील. त्यांनी बाबांच्या शिक्षणासाठी आपलं सोडलं, प्राचीताईला बारावीनंतर खामगावला ठेवलं, आणि गावातला रस्ता झाला तोही त्यांनीच तहसीलमध्ये चपला झिजवून केला. त्यांच्या डोक्यात हिशेब सरळ होता: दगड विकला की गावात काम येतं, झाडं नुसती उभी राहतात. आणि त्या हिशेबात मोठीआई कुठंच नव्हती, कारण त्यांच्या मते ती त्यांच्याच बाजूला धरलेली होती. कपाळाला हात लावताना आपण हाताला विचारतो का?

तेवढ्यात मारोतीच्या ओट्याला टेकून बसलेले आबा, म्हणजे माझे आजोबा उकंडराव, काठी आपटून म्हणाले, "झालं तुमचं सगळ्याचं?"

सगळे त्यांच्याकडं वळले. आबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांना कमी ऐकू येतं, पण नको ते सगळं ऐकू येतं.

"अर्जावर सह्या कोणाच्या हायेत? ह्या दोघीयच्या. मंग तुमी काऊन भांडून राह्यले बे? ह्या दोघी खामगावले जातीन. दोघीच ठरवतीन. जिले मागं घ्याचं थे घेईन. अन् जिचा अर्ज राहीन, सारं घर तिच्या मागं. मंग कोणी कुरकुर कराची नाई." त्यांनी काठीनं राखेतल्या रोडग्यांकडं दाखवलं. "मारोतीपुढचा रोडगा हाय हा. ज्याले मंजूर हाय त्यानं खावा. ज्याले नाई त्यानं उपाशी घरी जावं."

आमच्या घरात ही जुनी गोष्ट आहे. मारोतीपुढचा रोडगा तोडून दिलेला शब्द फिरवत नाहीत. आबांच्या वडलांनी बांधाचं भांडण असंच मिटवलं होतं, आणि तो बांध आजही तिथंच आहे.

मोठेबाबांनी एक क्षणही घेतला नाही. त्यांनी राखेतून पहिला रोडगा उचलला, पोत्यावर झटकला, दोन्ही हातांनी मोडला आणि तुपाची वाट न पाहता तोंडात टाकला. जीभ भाजली असणार. "मंजूर हाय आबा," ते भरल्या तोंडानं म्हणाले.

त्यांना वाटलं, आबांनी गाव त्यांच्याच पदरात टाकलं. दोघी ठरवणार, म्हणजे एका मताला एक मत. आणि रीत मोठीच्या बाजूला. पूनमच्या मागं कोण आहे? तिखट पाहणारा उत्तम?

मग सगळ्यांनी खाल्लं. बाबांनी सगळ्यात शेवटी.

*

मोठेबाबांच्या बोलेरोत पुढं मोठेबाबा, मधे मोठीआई आणि आई, मागं मी, प्राचीताई आणि धम्मशीलामावशी. मावशी आईच्या अर्जावर सूचक होती. बरडाची राखण गेली बारा वर्षं तीच करते, कमरेला शिट्टी बांधून, आणि एखाद्याची शेळी आत दिसली तर अशी वाजवते की शेळीच्या आधी मालक पळतो. बाबा मोटरसायकलवर मागून येत होते.

पिंपळगाव राजा मागं पडलं. आईनं पिशवीतून पेन काढलं, त्याचं टोपण उघडलं, बंद केलं. तेव्हाच मला कळलं की ती मागं घेणार आहे.

तिनं ते मला नंतर सांगितलं, म्हणून मी लिहू शकते. तिला भावकीची भीती नव्हती. तिला त्रेचाळीसची भीती होती. ती मनात म्हणत होती, मी पुन्हा हरले तर आता ते एकट्या माझं हरणं राहणार नाही, झाडांचंही होईल. मोठेबाबा म्हणतील, पाहा, गावानंच मत देऊन खदान मागितली. मग कोर्टात जा, कलेक्टरकडं जा, कोणी ऐकणार नाही. आणि घर फुटेल ते वेगळंच. त्यापेक्षा मागं घ्यावं. निदान लढाई हरल्याचा कागद तरी कोणाच्या हातात राहणार नाही.

"पूनम," मागून धम्मशीलामावशी म्हणाली. "तू पेन काऊन काढला?"

आईनं टोपण पुन्हा लावलं.

"तुले काय वाटते, एकवीस बायका काऊन तुह्या मागं फिरून राह्यल्या? प्रचारात आमी चपला तोडल्या."

"मावशी, मागं बसून भाषण नका देऊ," मोठेबाबा पुढून म्हणाले. "दोघीयले ठरवाचं हाय. आबाचा शब्द हाय."

मावशी खिडकीकडं तोंड करून बसली आणि खामगाव येईपर्यंत तिनं आईकडं पाहिलं नाही. मला रडू येत होतं, पण नव्यानंच बोलायला लागलेल्या माणसाला रडणं परवडत नाही, म्हणून मी खिडकीबाहेरची हरभऱ्याची शेतं मोजली.

*

तहसीलच्या आवारात जत्रा भरली होती. बारा-तेरा गावांच्या माघारी एकाच दिवशी होत्या. फटाक्यांच्या माळा, गुलालाच्या पिशव्या, चहाच्या गाड्या, आणि पांढऱ्या शर्टातले कार्यकर्ते, ज्यांना पाहून वाटतं की सगळ्यांनी एकाच टेलरकडं माप दिलं. दरवाजावर एक महिला पोलीस उभी होती.

"फक्त उमेदवार."

"मी मिस्टर हाय यायचा," मोठेबाबांनी मोठीआईकडं बोट दाखवलं.

"मिस्टर बाहेर."

"अवो म्याडम, तिले काही समजत नाई. सही कुठं कराची थे सांगा लागते."

"साहेब आहेत आत सांगायला." पोलीसबाईनं आवारातल्या कडुनिंबाकडं हात केला. तिथं खरोखरच चाळीसेक पुरुष उभे होते, सगळे अस्वस्थ, सगळ्यांचे डोळे दरवाजावर. "महिला राखीव गावं आहेत आज. सकाळपासून सगळे मिस्टर तिथंच उभे केलेत. तुम्हीबी जा."

मोठेबाबांनी मोठीआईच्या कानाशी जाऊन सांगितलं, "तू काही करू नको. नुसती बस. सही तिनं कराची हाय." मोठीआईनं मान हलवली. मग दोघी आत गेल्या आणि मोठेबाबा त्या चाळीस मिस्टरांत एक्केचाळिसावे झाले.

आतलं सगळं मला मोठीआईनं सांगितलं, एकदा नाही, चार-पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज थोडा मोठा होत गेला.

दोघी बाकावर बसल्या. वर पंखा, डिसेंबर असूनही चालू. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस. समोर तीन गावांच्या बायका रांगेत होत्या. कारकुनानं विचारलं, "माघार कोणाची?" आईनं हात पुढं केला आणि माघारीचा कोरा अर्ज घेतला. मांडीवर ठेवला. गावाचं नाव लिहिलं, तालुका लिहिला. उमेदवाराचं नाव लिहायच्या रकान्यापाशी येऊन तिचा हात थांबला.

"पूनम," मोठीआई म्हणाली, "तुह्यं अक्षर चांगलं हाय. पण तिथं तुह्यं नाव नको लिहू."

"बाई?"

मोठीआईनं घड्याळाकडं पाहिलं. तिला बोलायची सवय नव्हती. ती सांगते, मला वाटलं छाती फुटून जीव बाहेर येते का काय.

"त्यायनं मले सही शिकवली," ती म्हणाली. "पोळ्यापासून. प्राचीच्या जुन्या वहीत रोज एक पान. अगोदर माही सही रोज येगळी याची. मले वाटलं, पाह्य, चोवीस वर्षांनी यायले वाटलं बायकोले सही आली पाह्यजे. मले लय बरं वाटलं, पूनम. मंग चार दिवसाखाली मी पेटीत लुगडं पाहाले गेली तं एक कागद सापडला. टाइप केलेला. ग्रामसभेचा ठराव. सर्वानुमते खदानीले मंजुरी. खाली माहं नाव, सौ. गीताबाई, सरपंच. तारीख तेवढी कोरी."

"ग्रामसभा तं झालीच नाई."

"निवडणूक बी झाली नाई. मी उभी राह्यली नव्हती तेव्हाच मी निवडूनबी आली अन् सहीबी करून मोकळी झाली." मोठीआईनं पदरानं तोंड पुसलं. "बरडावर माही बी ओळ हाय. एकसे बारा झाडं. डोक्यावर गुंडी घेऊन पाणी घातलं हाय मी त्यायले. कोणी मले इचारलं का, गीता, तुही ओळ तोडाची का?"

"मंग घरीच नाई म्हणा ना, बाई. सरपंच होऊन सही नका करू."

इथं मोठीआई नेहमी थांबते. मग सांगते.

"घरी मले नाई म्हणता येत नाई. चोवीस वर्षांत जमलं नाई, आता काय जमीन? थे समोर बसतीन, पेन देतीन, अन् माहा हात चालीन. पण इथं दरवाजावर पोलीस हाय. थे आत येऊ शकत नाई. अशी जागा मले पुन्हा कधी भेटीन?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मतदान झालं असतं तं मी हारलीच असती, बाई."

"म्हणून तं. तू हारली असती म्हंजे मी निवडून आली असती."

"अन् घरी काय होईन?"

"पह्यला रोडगा कोणं खाल्ला?" मोठीआई म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. "आता लिही माहं नाव. सही मी करते. चांगली येते मले."

निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या टेबलावर अर्ज गेला तेव्हा दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गीताबाई ज्ञानेश्वर. स्वखुशीनं मागं घेताय?"

"हाव."

"कोणाचा दबाव नाही ना?"

"दबाव भायेर कडुनिंबाखाली उभा हाय, साहेब. आत मी एकटीच आली."

मागच्या रांगेतली एक बाई फिसकन हसली, मग दुसरी. साहेबांनी शिक्का मारला आणि पोच दिली. मोठीआईनं ती पोच घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

*

दोघी बाहेर आल्या तेव्हा आईचे डोळे लाल होते. तेवढं मोठेबाबांना पुरलं. त्यांनी काही विचारलं नाही. हे मी स्वतः पाहिलं आहे: त्यांनी एक शब्दही विचारला नाही. हात वर केला आणि ओरडले, "आणा बे तो गुलाल!"

आमच्या गावचे पंधरा-वीस जण धावले. एक जण परात घेऊन आला, दुसऱ्यानं फटाक्यांच्या माळेला काडी लावली. "गीताबाई सरपंच" अशी आरोळी झाली. मोठेबाबांनी मूठभर गुलाल मोठीआईच्या कपाळाला, गालांना, केसांना फासला.

"अवो, आइका तं," मोठीआई म्हणत होती.

"घरी सांग मंग."

"अवो, माहं आइका."

माळ तडतडत होती, कोणाला ऐकू जाणार? बाकीचे मिस्टर कडुनिंबाखालून हेव्यानं पाहत होते. बिनविरोध निघणं म्हणजे काही साधी गोष्ट नाही.

मी आईजवळ गेले. मला तिच्यावर एवढा राग आला होता की मी तिचा हातसुद्धा धरला नाही. "घेतला ना मागं?" मी म्हणाले. तिनं मला जवळ ओढलं आणि कानात दोन वाक्यं सांगितली. मग मी तिचा हात असा धरला की तिची बांगडी पिचली. "बोलू नको," ती म्हणाली. "यादी लागू दे. कागदावर येऊ दे." आयुष्यात पहिल्यांदा मला तोंड बंद ठेवायला इतका त्रास झाला. ती वीस-पंचवीस मिनिटं मी जीभ दातांखाली धरून काढली.

तीन वाजून आठ मिनिटांनी शिपायानं बोर्डावर यादी चिकटवली. सगळी गर्दी तिकडं वळली. धम्मशीलामावशी कोपरानं वाट काढत सगळ्यात आधी पोहोचली, कारण तिला शेवटचं एकदा बघायचं होतं की बरड कसं गेलं. तिनं बोटानं ओळ शोधली. थांबली. पुन्हा वरून वाचली. मग कमरेची शिट्टी काढली आणि अशी वाजवली की तहसीलच्या आवारातले फटाके थांबले.

"हिवरटाकळी. सरपंचपद, महिला राखीव," ती मोठ्यानं वाचू लागली. "शिल्लक उमेदवार एक. पूनम उत्तम. बिनविरोध."

पुढची सगळी नावं आवाजात बुडाली. आमच्या गावच्या बायका, ज्या एसटीनं येऊन भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या आणि रडायच्या तयारीत होत्या, त्या आधी उठल्या, मग एकमेकींकडं पाहिलं, मग एकदम धावल्या. मावशी आईला मिठी मारून म्हणत होती, "मुकाट्यानं बसली होतीस, लबाड." प्राचीताई तिच्या आईपुढं उभी राहून नुसती तिच्याकडं पाहत होती, जसं एखादं नवीन माणूस भेटावं.

आणि मोठेबाबा. हातात गुलालाची परात, दोन्ही मनगटं लाल, आणि समोर लाल तोंडाची बायको, जी आता सरपंच नव्हती आणि होणारही नव्हती.

"हे काय केलं तू?"

"मी सांगत होती," मोठीआई म्हणाली. डोळ्यांत गेलेला गुलाल ती पुसत होती, पण नजर तिनं खाली घेतली नाही. "तुमी आइकलं नाई. अन् तो पेटीतला कागद मी चुलीत घातला. चार दिवस झाले."

कडुनिंबाखालच्या मिस्टरांतले काही जण आपापल्या बायका आत गेलेल्या दरवाजाकडं पाहू लागले.

मोठेबाबांचा हात उचलला गेला का? मला वाटलं तसं. नेमकी तेव्हा, इतका वेळ फाटकाशी थांबलेली बाबांची मोटरसायकल मधे येऊन उभी राहिली. बाबा उतरले. आयुष्यभर तिखट पाहणारे माझे बाबा मोठ्या भावाच्या समोर जाऊन उभे राहिले.

"दादा. मारोतीपुढं शब्द देल्ला तू. सगळ्यात अगोदर."

"तुले माहीत होतं?"

"नाई. मले माहीत असतं तं मी बी अगोदरच खाल्ला असता."

कोणीतरी हसलं. मोठेबाबा हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण रागाखाली दुसरं काहीतरी चाललं होतं. त्यांना आठवत असावं, चोवीस वर्षांत ही बाई एकदाही न विचारता घराबाहेर गेली नव्हती, आणि आज तिनं त्यांना बारा-तेरा गावांसमोर एका सहीत हरवलं. त्यांनी शिकवलेल्या सहीत. ते तिच्याकडं असे पाहत होते, जसे व्यापारी लोक स्वतःच्याच मालाची खरी किंमत उशिरा कळल्यावर पाहतात.

सदस्यांच्या सात जागांची लढत पुढं बाकी होती. शेठही गप्प बसणार नव्हता, हेही आम्हांला माहीत होतं. पण त्या क्षणी त्याचाच फोन आला. मोठेबाबांनी परात एका हातावर तोलली, खिशातून फोन काढला, नाव पाहिलं. सगळं आवार त्यांच्याकडं पाहत होतं. ते बाजूला जाऊ शकले असते. गेले नाहीत.

"हां शेठ. हाव, लागली यादी." थोडा वेळ ते ऐकत राहिले. "नाई, हारलो कायले? सरपंच आमच्याच घरची झाली. बिनविरोध. गीता नाई, लहानी भावजय. पूनम." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. मोठेबाबांनी डोळे मिटले आणि उघडले. "नाई शेठ. ठराव नाई होत. म्हंजे कायले काय? मी कसा सांगू तिले? सारं घर तिच्या मागं हाय."

त्यांनी फोन खिशात टाकला. मोठीआईकडं पाहिलं नाही, आईकडंही नाही. परात समोर धरली आणि गावकऱ्यांवर खेकसले.

"उभे काऊन राह्यले बे असे? उरला हाय ना गुलाल. लावा तिले."

सगळ्यात आधी त्या परातीत माझे दोन्ही हात होते.